सायकलच्या चेनमधला उलटा मासा

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. लोखंडाचा मासा, करंगळीच्या नखाएवढा. पाणी पीत नाही, तेल मात्र आवडीनं पितो. रोज तुमच्याबरोबर शाळेत येतो. तोंड पुढे करून बसला तर वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. पण उलटा बसला की एक दिवस भर रस्त्यात टुणकन उडी मारतो आणि तुम्हाला घरापर्यंत पायी चालायला लावतो. ओळखा पाहू!

ज्यांच्या घरी साधी, बिनगिअरची सायकल आहे, त्यांनी आत्ता अंगणात जाऊन चेन नीट बघून या. पायडल हातानं हळूहळू फिरवा आणि एकेक कडी पाहत जा. सगळ्या कड्या सारख्या दिसतील. पण एका कडीवर पातळ पत्र्याची एक पट्टी बसवलेली दिसेल. एका टोकाला गोल, मधे निमुळती, दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी दुभंगलेली. तोच आपला मासा. सायकलवाले त्या कडीला ‘चेनलॉक’ किंवा नुसतं ‘लॉक’ म्हणतात. अख्खी चेन जोडलेली असते ती तिथंच.

हा मासा मला कधी भेटला ते सांगतो.

मी आठवीत होतो. शाळा मूलला, आणि आमचं गाव तिथून सहा किलोमीटरवर. चंद्रपूर जिल्ह्यातला हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नकोच. दोन गावांच्या मधे धानाची बांधी संपली की जंगल सुरू. साग, मोह, तेंदू, बांबू. डिसेंबरचे दिवस. शाळा पाचला सुटायची आणि साडेपाचच्या पुढे सूर्य काही थांबायचा नाही. आम्ही चौघं रोज बरोबर यायचो. त्या दिवशी मात्र मी कबड्डी बघत रेंगाळलो आणि एकटाच निघालो. अर्धा रस्ता पार केला, छोटा चढ लागला, मी उभा राहून पायडल मारलं आणि ‘खट्ट!’ पाय एकदम हलका झाला, मी नळीवर आपटलो, आणि मागे वळून बघतो तर चेन मुरमावर सापासारखी लांबच लांब पडलेली.

आता हसू येतं, पण तेव्हा रडू आलं होतं. चेन सापडली, पण लॉकचे तुकडे काही सापडेनात. मी खाली बसून मुरूम चाळतोय, अंधारून येतंय, आणि जंगलाच्या आत कुठंतरी वानरं खेकसायला लागली. वानरं अशी का ओरडतात ते आमच्याकडच्या लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. तेवढ्यात गुरं घेऊन एक म्हातारबाबा आले. मला बघून म्हणाले, “काऊन रे पोरा, काय शोधून राह्यला येथं? उठ पहिले! खाली बसू नोको. चाल गुरांसंगं.” मी चेन दप्तरात कोंबली, सायकल हातात धरली आणि गुरांच्या मधोमध चालत घरी आलो. आई वेशीपाशी कंदील घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मामांचं सायकलचं दुकान नव्हतं, पण दुकानवाल्यापेक्षा हात चांगला होता. त्यांनी चेन हातात घेतली, टोकं बघितली आणि विचारलं, “हे लॉक आधी कोणी बसवलं होतं?” मी मान खाली घातली. पंधरा दिवसांपूर्वी चेन धुवायला काढली होती आणि परत मीच बसवली होती, मोठ्या ऐटीत! मामा म्हणाले, “मासा उलटा बसवला असशील.” मला काही कळलं नाही. मग त्यांनी नवं लॉक आणलं आणि मला शिकवलं. ते तुम्हाला सांगायचं म्हणून हा सगळा खटाटोप.

पण आधी म्हातारबाबांचं. ‘खाली बसू नोको’ असं ते का म्हणाले? कारण वाघ-बिबट्याच्या मुलखात वाकलेला किंवा बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसतच नाही. उंची कमी होते आणि तो एखाद्या चार पायांच्या सावजासारखा वाटतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना माणसं वाकलेली असतात. म्हणूनच त्या दिवसांत जास्त जपून, घोळक्यानं जायला सांगतात. ताडोबाच्या आसपास, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागात वाघ फक्त अभयारण्याच्या पाटीआड राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा जंगलाच्या रस्त्यात, तेही सांजवेळी, चेन तुटली तर रस्त्यात बसून दुरुस्ती करायची नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे नको. सायकल हातात धरायची, मोठ्यानं बोलत, जमलं तर कुणाच्या तरी सोबतीनं, जवळच्या गावापर्यंत चालत जायचं. आणि खरं सांगायचं तर ती वेळच येऊ नये म्हणून घरच्या अंगणात, उजेडी, रविवारी सकाळी चेनकडे बघायचं.

आता चेनची थोडी ओळख करून घेऊ.

पूर्वी, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, सायकलींना चेन नसायचीच. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच, आणि पायडल थेट त्याच चाकाला. जोरात जायचं तर चाक आणखी मोठं करा, एवढाच उपाय! पडलं की माणूस तोंडावरच पडायचा. १८८० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड नावाच्या इंजिनिअरनं फिरत्या नळ्यांची चेन बनवली. मग १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. तिची दोन्ही चाकं साधारण सारखी, आणि मागच्या चाकाला चेननं ओढलेलं. तुमची आजची सायकल तिचीच नात. एक गंमत सांगू? १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं, त्यातही इंजिनापासून पंख्यांपर्यंत जोर नेणाऱ्या चेनच होत्या. दोघं भाऊ मुळात सायकलवालेच ना! दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेनं फिरावेत म्हणून त्यांनी एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली होती.

तुमच्या चेनकडे परत या. तिच्यात दोन प्रकारच्या कड्या आलटून पालटून येतात. एक अरुंद, एक रुंद. अरुंद कडी रुंद कडीच्या दोन पट्ट्यांच्या आत बसते, आणि त्यांच्यातून पिन जाते. एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच. म्हणजे पट्टी लावून १२ इंच मोजले तर त्यात बरोबर २४ कड्या आल्या पाहिजेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा हिशेब. समजा तुमच्या पायडलजवळच्या मोठ्या चाकाला, म्हणजे चेनव्हीलला, ४८ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. (स्वतः मोजा. खडूनं एका दात्यावर खूण करून सुरुवात केली की घोळ होत नाही.) पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक अडीचपेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. २८ इंची चाक असेल तर सायकल एका फेऱ्यात जवळजवळ सहा मीटर पुढे जाते. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर एका वेळेला साधारण ८४० वेळा पायडल फिरवावं लागतं. त्यात ११२ कड्यांची चेन ३६० वेळा पूर्ण फिरते. आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक कडी चार वेळा वाकते: मोठ्या चाकावर चढताना, उतरताना, मग छोट्यावर चढताना, उतरताना. करा गुणाकार. एकदा शाळेत जायचं तर प्रत्येक पिन चौदाशेपेक्षा जास्त वेळा आपल्या जागी घासते! परत येताना तेवढंच पुन्हा. मग चेन झिजेल नाही तर काय? लोक म्हणतात ‘चेन ताणली’. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात, प्रत्येक सांध्यात जराशी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते.

म्हणूनच ती पट्टी. २४ कड्यांना १२ इंचांऐवजी १२ इंच आणि वर एक अष्टमांश इंच लागत असेल तर चेन निकामी झाली समजा. अशी चेन कितीही छान जोडली तरी दात्यांवरून उड्या मारते. दातेही बघा. नव्या दात्याची दोन्ही बाजू सारखी असते. झिजलेला दाता एका बाजूला वाकल्यासारखा, टोकदार दिसतो. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसवली तर तीही लवकर खराब होते. हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुकानात ‘चेनबरोबर फ्रीव्हील पण बदला’ म्हटल्यावर त्यांना दुकानदार लुबाडतोय असं वाटणार नाही.

चला, आता चेन जोडू. समजा धुवायला म्हणून काढली आहे आणि लॉकचे तिन्ही भाग तुमच्याकडे आहेत. एक, दोन पिना असलेली पट्टी. दुसरी, दोन भोकं असलेली सुटी पट्टी. तिसरा आपला मासा. हे तिन्ही भाग ताटलीत ठेवा. खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र पसरा. का, ते मुरूम चाळलेल्या माणसाला विचारा!

सायकल डबल स्टँडवर उभी करा, म्हणजे मागचं चाक उचललेलं राहील. बाजूचं एकच स्टँड असेल तर भिंतीला टेकवा आणि कुणाला तरी धरायला सांगा. पुष्कळ मुलं सायकल उलटी करून सीटवर उभी करतात. पंक्चर काढताना ते ठीक, पण पहिल्यांदा चेन जोडताना नको. उलट्या सायकलवर वरची बाजू कुठली आणि पुढची कुठली हा गोंधळ होतो आणि मासा हमखास चुकतो.

मागच्या चाकाचे दोन्ही नट पान्यानं सैल करा. पूर्ण काढायचे नाहीत, नुसते सैल. चाक थोडं पुढे ढकला. आता चेन फ्रीव्हीलवरून घ्या, वरची बाजू पुढे नेऊन चेनव्हीलवर टाका आणि खालची बाजू मागून आणा. दोन्ही टोकांना अरुंद कड्या आहेत ना? असायलाच हव्यात, कारण लॉक स्वतः रुंद कडीचं काम करतं. एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्याला रुंद असेल तर कुठंतरी चूक झाली आहे. ओढाताण करू नका.

इथं सगळ्यांचे हात अपुरे पडतात. एक टोक धरावं तर दुसरं निसटतं, दोन्ही धरावीत तर लॉक कोण घालणार? मामांची युक्ती अशी: दोन्ही टोकं चेनव्हीलच्या वरच्या भागात शेजारशेजारच्या दात्यांवर बसवायची. दातेच त्यांना धरून ठेवतात! दोन टोकांमध्ये एका कडीएवढी जागा उरते. दोन पिनांची पट्टी आतून, म्हणजे चाकाच्या बाजूनं, बाहेर घाला. पिना दोन्ही टोकांतून बाहेर आल्या की त्यांच्यावर सुटी पट्टी बसवा आणि अंगठ्यानं दाबा. पिनांच्या डोक्याशी बारीक खाच दिसली पाहिजे. खाच दिसत नसेल तर पट्टी अजून आत जायची आहे. खाच दिसल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

आणि आता मासा! मासा पोहतो कसा? तोंड पुढे करून. आपल्या माशानंही तसंच पोहायचं. चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला माशाचं गोल, बंद तोंड. दुभंगलेली शेपटी मागे. सायकल पुढे जाताना चेनची वरची बाजू मागून पुढे पळते, म्हणून वर लॉक लावताना तोंड सायकलच्या हँडलकडे. इथंच मेख आहे. तोच मासा अर्ध्या फेऱ्यानंतर खालच्या बाजूला आला की त्याचं तोंड मागच्या चाकाकडे होतं! कारण खाली चेन मागे पळते. तेव्हा तुम्ही खालच्या बाजूला लॉक लावत असाल आणि ‘तोंड हँडलकडे’ एवढंच पाठ केलं असेल तर मासा उलटा बसणार. मी नेमकं हेच केलं होतं. कुणीतरी सांगितलेलं पाठ केलं होतं, समजून घेतलं नव्हतं.

उलटा बसला तर काय होतं? चेनकव्हरची वाकलेली कड, रस्त्याकडेचं गवत, एखादी काटकी, यांतलं काहीही उघड्या शेपटीत अडकतं आणि चेन पळतच असते. पट्टी हळूहळू ढकलली जाते आणि निसटते. तोंड पुढे असेल तर तीच काटकी गोल डोक्यावरून घसरून जाते.

मासा बसवायला पक्कड घ्या. त्याचं तोंड पुढच्या पिनच्या खाचेत सरकवा, शेपटी मागच्या पिनला टेकेल. मग पकडीचा एक जबडा माशाच्या तोंडावर आणि दुसरा मागच्या पिनच्या मागे ठेवून हळूच दाबा. ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज मला अजून आवडतो. शेपटीची दोन्ही टोकं पिनला बिलगलेली दिसली पाहिजेत. मासा वाकला, फाकला किंवा आधीच सैल असेल तर सरळ नवा घ्या. काही रुपयांची वस्तू आहे. खरं म्हणजे एक जास्तीचं लॉक कागदाच्या पुडीत बांधून सीटखालच्या पिशवीत किंवा कंपासपेटीत कायमचं ठेवावं. फक्त आपल्या चेनच्या मापाचं आहे ना, ते बघून.

एवढं झालं की लगेच फेरी मारायला पळू नका! चाक आपण पुढे ढकललं होतं, आठवतंय ना? ते मागे ओढून चेनला ताण द्या. पण तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणायची नाही. चेनच्या मध्यभागी बोटानं वर-खाली केलं तर एकूण अर्धा इंचभर हलली पाहिजे. पायडल फिरवत तीन-चार ठिकाणी बघा; चेनव्हील थोडं वाकडं असेल तर कुठं सैल, कुठं घट्ट लागते. सगळ्यांत घट्ट जागी अर्धा इंच ठेवा. मागून बघा, चाक फ्रेमच्या दोन दांड्यांच्या बरोबर मधे आहे ना? मग नट आवळा. थोडा डावा, थोडा उजवा, पुन्हा डावा. शेवटचा दाब मात्र बाबांना, काकांना किंवा ताईला द्यायला सांगा. मागचं चाक सरकलं म्हणजे मागच्या ब्रेकचे रबर रिमवर आधीसारखे बसतीलच असं नाही. ब्रेक दाबून बघा. चेन जोडली आणि ब्रेक विसरला, असा शहाणा मी पाहिलाय. (तो मी नव्हे!)

बोटांबद्दल एकदाच पण कडक शब्दांत सांगतो. चेन आणि दात्यांच्या मधे बोट असताना पायडल हलता कामा नये. बहुतेक अपघात असेच होतात: दादा चेन चढवत असतो आणि धाकटी बहीण मजेत पायडल फिरवते. छोट्यांना लांब बसवा. वाटेत नुसती चेन उतरली, तुटली नाही, तर आधी ती मागच्या फ्रीव्हीलवर नीट बसवा. मग एका काडीनं चेनव्हीलच्या खालच्या दोन-तीन दात्यांवर अडकवा, हात बाजूला घ्या आणि पायडल हळूच उलटं फिरवा. चेन आपोआप चढते. वारंवार उतरत असेल तर ती सैल आहे किंवा झिजली आहे. ओढणी, पायजम्याची घेरदार मोहरी, सुटलेली बुटाची नाडी यांनाही चेन आवडीनं खाते. उजव्या पायाची मोहरी रबरबँडनं आवळून घ्या.

लॉक नाही, मधलीच कडी तुटली तर? तुटलेली कडी रुंद असेल तर नशीबवान आहात. ती काढून टाकली की दोन्ही टोकांना अरुंद कड्या राहतात, आणि तुमच्या पुडीतलं जास्तीचं लॉक बरोबर तिथं बसतं. अरुंद कडी तुटली तर तिच्यासह दोन्हीकडच्या रुंद कड्या काढाव्या लागतात. तीन जाऊन त्यांच्या जागी एक लॉक येतं. चेन एक इंचानं आखूड होते आणि चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं. मात्र ठोकून बसवलेली पिन काढणं हे घरचं काम नाही. खिळा आणि हातोडी घेऊन बसू नका, तुकडा डोळ्यात उडतो. मिस्त्रींकडे जा, ते कसं करतात ते बघा. काही जण तारेनं चेन बांधतात. ती चढावर पहिल्याच जोरात सुटते, आणि जोर लावताना आपण उभे असतो. त्यापेक्षा पायी चाललेलं बरं.

आता तेल. आपल्याकडे रस्ते मुरमाचे, घुग्गुस-बल्लारपूरकडे कोळशाची काळी धूळ, पावसाळ्यात बांधीचा चिखल. चेन तेलानं न्हाऊ घातली की ती चमकते छान, पण दोन दिवसांत धूळ धरते. तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखं घासतात. म्हणून आधी धुळीची चेन जुन्या टूथब्रशनं आणि थोड्या डिझेलनं, मोठ्यांसमोर, चुलीपासून लांब, साफ करायची. पूर्वी यासाठी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. वापरलेलं डिझेल विहिरीजवळ ओतायचं नाही. कापडानं पुसून, वाळवून, शिवणयंत्राचं पातळ तेल प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाकायचं. पाच मिनिटं पायडल फिरवायचं आणि बाहेरचं तेल पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेर नको.

आणि घरातलं जवसाचं तेल नको हं! आमच्याकडे जवस भरपूर, म्हणून मी एकदा तेही करून बसलो. जवसाचं तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा होतं, म्हणूनच तर ते रंगात घालतात. चार दिवसांत माझी चेन गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी झाली. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं. ही तेलं ज्याच्या त्याच्या जागी चांगली, चेनवर नाहीत.

एवढं सगळं एका चेनसाठी? गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये विचारा. धानोरा, कुरखेडा, एटापल्लीकडच्या कितीतरी गावांत शाळेच्या वेळेला एसटी नसते, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथं सायकल हेच शाळेचं दार. म्हणून तर मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. पण सायकल मिळणं एक आणि ती चालू राहणं दुसरं. चेन तुटलेली सायकल चार दिवस पडवीत उभी राहिली की चार दिवस शाळा बुडते. मग कापणीचे दिवस येतात, मग कुणीतरी म्हणतं ‘राहू दे आता’. पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे. मुलीला सायकल आणून दिलीत तर पाना आणि पक्कडही तिच्याच हातात द्या. ‘भावाला सांग’ म्हणू नका.

सायकली किती दूर जाऊ शकतात हेही याच मातीनं दाखवलंय. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा सुरू केली, थेट काश्मीरपर्यंत. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळं त्यांना स्वतःला सायकल चालवणं शक्य नव्हतं, ते गाडीतून जायचे. पण त्यांच्याबरोबरचे तरुण-तरुणी सायकलींवर होते. पुढे १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलमधल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत. हजारो किलोमीटर, घाट, ऊन, पाऊस. प्रत्येक सायकलला एक चेन, प्रत्येक चेनला तिचा सांधा. आपला मघाचा हिशेब त्या सगळ्या वाटेला लावून बघा, पिना किती वेळा घासल्या असतील! उत्तर वहीत मावलं तर मला कळवा.

माझी ती सायकल पुढे धाकट्या बहिणीकडे गेली. थंडीत वडशाच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं लागली की आम्ही भावंडं रात्री घोळक्यानं सायकली काढायचो. निघण्याआधी ती अंगणात कंदील धरायची, पायडल फिरवायची आणि मासा समोर आला की ओरडायची, “दादा, तोंड पुढे आहे, चाल!”